दोन बोटांच्या अंतरावर

मराठीत रिकामटेकड्या माणसाला 'माशा मारतो' असं म्हणतात. आमच्या गल्लीत माझ्याबद्दलही हेच बोललं जातं, थोडा फरक करून – "ती काय, माशा मोजत बसते!" मोजत नाही, त्यांचे फोटो काढते, असं सांगितलं की गोष्ट सुधारायच्या ऐवजी बिघडते. मोराचे फोटो काढणारा माणूस लोकांना समजतो. वाघाचे काढणाऱ्याला मान असतो. नवरानवरीचे काढणाऱ्याला पैसे मिळतात. पण मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारीण... जिच्यापासून शहाण्या माणसानं चार हात लांब राहावं, तिच्यापुढे श्वास रोखून बसणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं करायचं काय, हा प्रश्न आमच्या घरात गेलं दीड वर्ष अधूनमधून निघतो आणि चहा झाला की मागे पडतो.

या अंकासाठी मी कविता द्यावी असं मॅडमना वाटत होतं. (मुलींनी कविता द्यावी असं सगळ्याच वार्षिक अंकांना वाटतं.) मी हे देते आहे.

माझा कॅमेरा म्हणजे एक मोबाइल. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा आण्णांनी दोन शेळ्या विकून तो घेतला. मी नववीत होते. आता त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. पण त्याच्यावर चिमट्यानं बसवायचं जे छोटं भिंग आहे, ते माझ्या कमाईचं. आपल्या महाविद्यालयाच्या 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयातली पुस्तकं पुसते. त्या पैशांतून पहिली खरेदी झाली ती या भिंगाची. दुसरी आईच्या चपलांची.

फोटोग्राफीच्या भाषेत 'मॅक्रो' म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर उमटणं. बारा मिलिमीटरची माशी आतही बारा मिलिमीटरची. या व्याख्येत माझा मोबाइल बसत नाही, कारण त्याच्या आतला पडदाच नखाहून लहान. तेव्हा जाणकारांनी माफ करावं, मी आपला तोच शब्द वापरते.

भिंगाची एक अट आहे. वस्तू त्याच्यापासून दोन बोटांवर हवी. तर्जनी आणि मधलं बोट जोडलं की जेवढी जागा होते, तेवढ्यावर. तीन बोटांवर गेली की चित्र धुरकट, एका बोटावर आली की नुसता काळोख. दुरून काढावं आणि मागाहून मोठं करावं, ही सोय इथे नाही. जवळ जावंच लागतं. आणि एवढं जवळ जाऊन जे स्पष्ट दिसतं ते तरी किती? कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं. डोळा नीट आला तर मिशी पुसट. मिशी आली तर पंखांचा पत्ता नाही. आपण श्वास घेतला की छाती हलते, छाती हलली की कोपर हलतं, आणि कोपर हलल्यावर मोबाइल काय स्थिर राहणार! म्हणून श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी जी एक रिकामी जागा असते, तिथे बटण दाबायचं. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. सुईत दोरा ओवताना ती तेच करते.

मोठे लोक हे वेगळ्या तऱ्हेनं करतात. लेव्हन बिस नावाच्या इंग्रज छायाचित्रकारानं ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांचे फोटो काढले. २०१६ साली त्यांचं प्रदर्शन भरलं. एकेका कीटकासाठी त्यानं आठ-आठ हजार फोटो काढून, त्यांतले स्पष्ट पापुद्रे एकमेकांवर रचून एक चित्र तयार केलं. अमेरिकेत सॅम ड्रोएगी यांच्या प्रयोगशाळेत तर मेलेल्या मधमाशा साबणाच्या पाण्यात धुतात, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवतात आणि मग काळ्या पडद्यापुढे बसवून त्यांचे फोटो काढतात. ते फोटो मी पाहिले आहेत. एकेक केस मोजता येतो. राजघराण्यातल्या बायकांची तैलचित्रं असतात ना, तशा त्या दिसतात. तरी मला त्यांच्यात काहीतरी कमी वाटतं. काय, ते उशिरा कळलं – धूळ. आमच्या बांधावरची माशी कधी अशी न्हालेली-धुतलेली नसते. तिच्या पाठीला पराग चिकटलेला असतो, पायाला माती असते, आणि थंडीत सकाळी साडेसातच्या सुमारास मिशीवर दवाचा एखादा थेंब असतो.

थंडीतली सकाळ ही माझी वेळ. मधमाशीला उडायचं तर आधी छातीचे स्नायू तापवावे लागतात. आमच्या चांदवड तालुक्यात जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. तेव्हा उन्हं अंगावर येईपर्यंत माशा जड असतात. ऊन चढलं की त्या आपल्या हाती राहत नाहीत. त्यातून आपली सावली त्यांच्या अंगावर पडली की संपलंच. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा, हा नेहमीचा नियम इथे उपयोगाचा नाही. बाजूनं जायचं, बसायचं, गुडघ्यावर कोपर टेकायचं, आणि मग सरकायचं... विळीवर बसलेल्या बाईला पुढची भाजी ओढून घ्यायला जेवढं सरकावं लागतं, तेवढंच.

"डसत नाही का गं?" हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. फुलावर बसलेली मधमाशी कामात असते. दाबली, चिरडली, तरच ती डंख मारते. तिच्या डंखाला उलटे काटे असतात. तो आपल्या कातडीत अडकून तिच्या पोटातून निघून येतो आणि ती मरते, त्यामुळे हा निर्णय तिला स्वस्त पडत नाही. गांधीलमाशीचं तसं नाही. तिचा डंख गुळगुळीत, पुन्हा पुन्हा वापरता येणारा. पोळ्याजवळ तिची गाठ पडली तर खैर नाही. मनगटावर मी तो अनुभव घेतला आहे, आईनं लोखंड घासलं, मनगट दोन दिवस पुरीसारखं फुगलं, पेन धरता येईना. आणखी एक – डंख असतो तो फक्त माद्यांना. नर माशी कितीही गुणगुणली तरी ती नुसती गुणगुण. हे मी आमच्या वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर शांतता पसरली होती.

पण जवळ गेल्यावर दिसतं काय? मधमाशीच्या डोळ्यांवर केस असतात. आपल्यासारखे पापणीला नव्हेत, थेट डोळ्यावर. दोन मोठे डोळे, आणि कपाळावर मण्यांसारखे आणखी तीन. पंख चार. पण मागच्या पंखाच्या काठावर बारीक आकड्यांची रांग असते. उडताना ते आकडे पुढच्या पंखात अडकवले की दोन पंखांचा एक होतो – आईच्या पोलक्याच्या हुकांसारखं. पुढच्या पायाला एक अर्धगोल खाच असते. मिशी त्या खाचेत धरायची आणि ओढून काढायची, की साफ! फुलावर बसल्या बसल्या ती मधेच हे करते. आरशापुढून जाता जाता आपण केसांवरून हात फिरवावा, तसं.

माझं लक्ष सगळ्यांत जास्त जातं ते पंखांच्या काठाकडे. कामकरी माशी पोळ्याबाहेर पडून फुलांवर जाते ती आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. त्याआधी ती आतच असते, पिल्लांना भरवते, मेण काढते, झाडलोट करते. म्हणजे फुलावर आपल्याला जी दिसते ती म्हातारी असते, किंवा म्हातारी व्हायला लागलेली. काही दिवसांत पंखांच्या कडा फाटतात. कुणाचा उजवा पंख कोपऱ्यात झिजलेला, कुणाच्या डाव्याला चीर. नुसत्या डोळ्यांना सगळ्या माशा सारख्या. दोन बोटांवरून एकही दुसरीसारखी नसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका साध्या गांधीलमाशीचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यात प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे निरनिराळे ठिपके देऊन कोण काय करते याची नोंद ठेवली जाते. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. त्या पोळ्यातली राणी सगळ्यांत गरीब स्वभावाची असते, कुणाशी भांडत नाही. ती गेली की एक कामकरीण एकाएकी अत्यंत भांडखोर होते, सगळ्यांना वठणीवर आणते, आणि एकदा राणी झाली की हळूहळू तीही शांत होते. मी माझ्या माशांना रंग लावत नाही. फाटक्या पंखांवरून ओळखते. 'उजवी चीर' तीन दिवस त्याच डोंगळ्यावर येत होती. चौथ्या दिवशी आली नाही.

असं बघण्याची हौस माणसाला जुनी आहे. १६२५ साली रोममध्ये स्तेलुती आणि चेसी या दोघांनी नव्यानंच निघालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मधमाशी ठेवली आणि तिचं चित्र छापलं. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेल्या सर्वांत जुन्या छापील चित्रांत त्याची गणना होते. आता मधमाशीच का? तर त्या वेळच्या पोपच्या घराण्याच्या चिन्हावर तीन मधमाशा होत्या, आणि चित्र त्यांना भेट द्यायचं होतं! विज्ञान असो की वार्षिक अंक, पहिल्या पानावर कुणाचा फोटो येतो हे ठरलेलं असतं.

आता मुद्द्याकडे येते, म्हणजे मराठीच्या तासाकडे.

एकनाथी भागवत शिकवताना सरांनी अवधूताच्या चोवीस गुरूंची गोष्ट सांगितली. नाथांनी हा ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पुरा केला. त्याच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत हे गुरू येतात. पृथ्वी, वारा, समुद्र असे मोठे मोठे गुरू झाल्यावर त्या यादीत माझी माणसंही निघाली! मधुकर आहे, मध झाडणारा आहे, आणि अगदी शेवटी कुंभारीण. मधुकर फुलाला इजा न करता थोडं थोडं घेतो, तसं साधूनं घरोघर थोडं थोडं मागावं. त्यावरूनच 'माधुकरी' शब्द आला, असं सर म्हणाले. एके काळी गरीब मुलं माधुकरी मागून शिकली, हे मी कितीतरी चरित्रांत वाचलं होतं. त्या शब्दात एक माशी बसली आहे, हे कधी दिसलं नव्हतं.

कुंभारिणीची गोष्ट वेगळी. ती अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेर गुणगुणत राहते. अळी भीतीनं रात्रंदिवस तिचंच ध्यान करते, आणि ध्यान करता करता स्वतःच कुंभारीण होते. भक्तानं देवाचं ध्यान असं करावं, हा दृष्टांत. वर्गात सगळ्यांनी लिहून घेतला. माझा हात थांबला, कारण आमच्या दाराच्या चौकटीवर गेल्या पावसाळ्यानंतर मी हाच प्रकार चार दिवस पाहिला होता. पिवळ्या-तांबूस रंगाची, बारीक कमरेची ती माशी ओल्या मातीची गोळी आणायची आणि तोंडानं, पुढच्या पायांनी थापायची. बोराएवढं मडकं, त्याला अरुंद गळा, गळ्याला बाहेर वळवलेली कड. कुंभाराला चाक लागतं, हिला तेही नाही. पुढे चौकट बदलायला सुतार आला तेव्हा त्याच्या हातून एक मडकं फुटलं. मी भिंग लावलं. आत पाच हिरव्या अळ्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, काडी लावली की एखादी किंचित आकसायची, पण हलू शकत नव्हती. कुंभारिणीनं डंख मारून त्यांना तशा करून ठेवलं होतं. आणि मडक्याच्या छताला, केसाहून बारीक धाग्यानं, एक पांढरं अंडं टांगलेलं होतं. पाळण्यासारखं. त्या अंड्यातून जी पिल्लू-अळी निघणार, तिचं हे ताजं अन्न. ते संपलं की ती कोष करते आणि पंख फुटून बाहेर पडते. तेव्हा अळीची कुंभारीण होते, ते खरंच आहे. पण ध्यान करणारी अळी वेगळी आणि होणारी वेगळी.

तास संपल्यावर मी धीर करून सरांना मोबाइल दाखवला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा अगदी डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ त्या टांगलेल्या अंड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाथांना हे दिसलं असतं, तर त्यांनी याचाही दृष्टांत केला असता. आणि तो जास्त भयंकर झाला असता." नंतरच्या तासाला त्यांनी तो फोटो वर्गाला दाखवायला लावला. पहिल्या पिढीतली मुलगी महाविद्यालयात आली की तिला वाटत असतं, आपण इथे फक्त घ्यायला आलो आहोत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वेगळं वाटलं.

तसंच उंबराचं. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, कारण ते कुणाला दिसत नाही. ते फळाच्या आतच असतं – शेकडो, मोहरीहून बारीक. पिकत आलेलं उंबर चिरून मी भिंगाखाली धरलं तेव्हा ती फुलं दिसली, आणि त्यांच्यामधून चालणाऱ्या, दोन मिलिमीटरच्या, काळ्या पंखवाल्या. तेच आपले 'उंबरातले किडे'. बाहेरचं जग न पाहिलेल्या माणसाला लावायची उपमा! प्रत्यक्षात तो गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातला जीव आहे, आणि आतल्या आत जन्मून मरतो तो फक्त नर. त्याला पंखच नसतात. तो मादीसाठी भिंतीतून वाट कोरतो. मादी अंगावर पराग घेऊन त्या वाटेनं बाहेर पडते आणि दुसरं उंबराचं झाड शोधत जाते. तिथल्या फळाच्या अरुंद दारातून आत शिरताना तिचे पंख गळून पडतात आणि ती पुन्हा कधी बाहेर येत नाही. हे मी आमच्या मैत्रिणींना सांगितलं. सगळ्या हसल्या, पण फार वेळ नाही.

आता कांद्याचं.

आम्हाला स्वतःची जमीन नाही. आई शेतमजुरी करते. आण्णा फवारणीला जातात. पाठीवर सोळा लिटरचा पंप, आणि मजुरी पंपावर. जेवढे पंप माराल तेवढे पैसे. आमचा सगळा पट्टा कांद्याचा. पण खायचा कांदा सगळ्यांनी पाहिलेला असतो, बियाण्याचा पाहिलेला नसतो. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात. थंडी सरता सरता त्यांतून पोकळ नळ्या वर येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू धरतो. त्या पिकाला आम्ही डोंगळे म्हणतो. एका चेंडूत शेकडो फुलं. त्यातली गंमत अशी, की एका फुलाचा पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा मादीचा भाग मागाहून तयार होतो. स्वतःचं स्वतःला चालत नाही. एकाचं दुसऱ्याकडे कुणीतरी न्यावं लागतं. फुलोरी माशी नेते, आग्या नेते, सातेरी नेते. ते झालं नाही तर फुलं वाळतात आणि बोंडात बी भरत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत डोंगळ्यांचा एक मळा ऐन फुलात होता. सकाळी आठला मी तिथे फुलोरी माशांचे फोटो काढत होते. तांबूस कंबर, मागे काळे-पांढरे पट्टे, दिसायला इतकी नीटस की हिला देवानं सवडीनं केली असावी. नऊ वाजता आण्णा पंप घेऊन आले. फुलकिड्यांचं औषध मारायचं होतं. मालकांनी तसं सांगितलं होतं. मी बांधावर जाऊन बसले. अकरा वाजता परत आत शिरले, तर माशा खाली होत्या. काही पाठीवर पडून गोल फिरत होत्या. काही फिरायच्या थांबल्या होत्या, त्यांच्या जिभा लांब बाहेर आल्या होत्या. मी फोटो काढले. त्या दिवशी माझे सगळे फोटो स्पष्ट आले. हलत कुणीच नव्हतं.

संध्याकाळी मी ते बघत असताना आण्णा मागे येऊन उभे राहिले. "जीभ का गं बाहेर काढलीय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं पडवीतून रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यासोबत घडी घडी केलेला एक पातळ कागद असतो. त्यावर कितीतरी भाषांत मजकूर असतो, आणि अक्षर राईच्या दाण्याहून लहान. आण्णा चौथी शिकलेले आहेत. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग ते ओळखतात, लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण तो कागद त्यांनी कधी उलगडला नव्हता. मी तो जमिनीवर पसरला, मराठी सापडेपर्यंत शोधला आणि भिंग दोन बोटांवर धरलं. अक्षरं पडद्यावर मोठी होऊन आली. आण्णांनी स्वतः वाचली, बोट ठेवून. मधमाशांना विषारी आहे. माशा फुलांवर असताना मारू नये. ते वाचायला चौथी पुरेशी होती. पुरत नव्हती ती नजर, आणि एवढ्या बारीक अक्षराला ती कुणाचीही पुरली नसती, अगदी आपल्या प्राध्यापकांचीही!

त्याखाली आणखी ओळी होत्या. हातमोजे घालावेत, नाकातोंडावर मास्क बांधावा, वाऱ्याच्या उलट दिशेला उभं राहू नये. आण्णांकडे एक टॉवेल आहे. मला २०१७ सालचं यवतमाळ आठवलं. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. मी तेव्हा लहान होते, पण आजीनं त्या दिवसांत रोज संध्याकाळी आण्णांच्या डोळ्यांत बघायची सवय लावून घेतली होती, ती आठवते. तो कागद आईनं देव्हाऱ्यामागे ठेवून दिला.

पुढच्या पंधरवड्यात आईला त्याच मळ्यावर काम लागलं. बायकांनी ओळीनं जायचं आणि मऊ फडकं हातात घेऊन एका चेंडूवरून दुसऱ्या चेंडूवर फिरवायचं. माशा कमी झाल्या होत्या, पराग तर न्यायला हवा! आई दोन दिवस गेली. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् माशीला किती रोज पडत असंल गं?" एकाच घरातला एक माणूस माशा मारायची मजुरी घेतो आणि दुसरं माणूस माशांचं काम करायची. दोन्ही मजुऱ्या एकाच खिशातून येतात, आणि त्यातूनच माझी फी जाते. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अजून कुणावर रागवावं ते ठरत नाही.

आण्णा मालकांशी बोलले. मी सोबत नव्हते, आईकडून कळलं ते असं – यापुढे डोंगळ्यांवर मारायचं तर उन्हं उतरल्यावर, माशा घरी गेल्यावर मारीन, असं ते म्हणाले. मालक म्हणाले, संध्याकाळी माणूस कुठं मिळतो? आण्णा म्हणाले, मी येतो. मालक वाईट माणूस नाहीत, त्यांनाही बी भरायला हवंच आहे. ते कबूल झाले. पण दिवसभरात जेवढे पंप होतात तेवढे संध्याकाळच्या दोन तासांत होत नाहीत. दिवसा दुसरीकडे काम मिळालं तर ठीक, नाहीतर तो आठवडा अर्धाच. आणि शेजारच्या मळ्यांवर सकाळीच पंप चालतात. माशीला बांध कळत नाही. ती इकडून वाचली तर तिकडे जाते. तेव्हा फार काही बदललं, असं मी म्हणणार नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आण्णा अंधार पडता पडता घरी आले, पंप उतरवला, मोरीत जाऊन साबणानं हातपाय धुतले आणि चहा न घेताच म्हणाले, "मोबाइल घे. चल." मळ्याच्या बांधावर वाळलेल्या गवताच्या एका काडीपाशी ते थांबले आणि त्यांनी बॅटरी लावली. काडीवर ओळीनं माशा होत्या. काळं पोट, त्यावर निळेशार चमकते पट्टे. पाय अंगाशी दुमडलेले. प्रत्येकीनं नुसत्या जबड्यानं काडी घट्ट धरलेली, आणि त्या धरण्यावर सगळं अंग तोललेलं. गाढ झोपल्या होत्या. शास्त्रात यांना अमेगिला म्हणतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला धरून त्या अंग असं थरथरवतात की आतला पराग झडून बाहेर पडतो. मधमाशीला ते जमत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या झोपतात कशा हेही वाचलं होतं. दीड वर्ष शोधूनही मला त्या झोपलेल्या सापडल्या नव्हत्या. आण्णांना पंप मारताना सापडल्या.

"ह्यांना घर नाही व्हय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"माद्या जमिनीत बीळ करून आत झोपतात. हे सगळे नर आहेत."

"मंग बरोबर हाये," आण्णा म्हणाले. "ते बाहेरच."

उजेड थेट पडला तर जाग्या होतील म्हणून मी रुमाल शोधू लागले. त्याआधीच त्यांनी बॅटरीच्या तोंडावर आपली बोटं धरली. बोटांमधून तांबूस, मऊ उजेड आला. मी जवळ सरकले. दोन बोटांवर आले. आण्णा मात्र हात लांब करून, मागे रेलून उभे होते. हात साबणानं धुतले होते, तरी त्यांना औषधाचा वास होता, आणि तो त्यांनी काडीपासून जेवढा दूर ठेवता येईल तेवढा ठेवला होता. माझे सहा-सात फोटो झाले. त्यांनी तेवढ्या वेळात मोजल्या.

"अकरा," ते म्हणाले. "काढ लवकर. हात भरून आला."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून घरी यायला मला उशीर झाला. आण्णा ओट्यावरच बसले होते, पायाला बांधावरची माती होती.

"नऊ," ते म्हणाले.